अनुदानाची यादी दडवायची कशाला?

गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान देण्याची योजना राज्य सरकारने जानेवारी 2024 मध्ये लागू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती रक्कम 7 रुपये केली, याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण सिन्नर-निफाडकडच्या संकलन केंद्रावर अनुदानाचा विषय निघाला की एकच प्रश्न कानी पडतो, ‘भाऊ, तुमचं जमा झालं का?’ एकाचे जमा झालेले असते, त्याच्याच बांधाला बांध असलेल्या दुसऱ्याचे अडकलेले असते, आणि का अडकले, हे सांगणारा कोणीच भेटत नाही. दूध संस्थेत विचारावे तर वर बोट दाखवतात, वर विचारावे तर माहिती संस्थेनेच चुकीची भरली म्हणतात.

शेतकऱ्याकडून मात्र सगळे मागून घेतलेले असते : गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, आधारशी जोडलेले बँक खाते, दुधातल्या फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफचा (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन घटकांचा) हिशेब. माहिती अधिकार कायदा 2005 चे कलम 4 तर स्पष्ट सांगते, की अनुदान योजनेची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता जाहीर करावा. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक जाहीर करा, असे कोणीही म्हणत नाही. कोणत्या संस्थेच्या किती लिटर दुधावर किती पैसे दिले गेले आणि कोणाचा दावा कशामुळे नाकारला, एवढा कागद दर महिन्याला संकलन केंद्राच्या भिंतीवर का लागत नाही?