उर्नेसचं चर्च राहिलं की!

तुमचा नॉर्वेच्या प्रवासावरचा लेख वाचून परत एकदा तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं, पण व्हायकिंग (तिकडचे जुने दर्यावर्दी) म्हटल्यावर तुम्ही ओस्लोच्या म्युझियममधल्या ओसेबर्ग जहाजावरच थांबलात, उर्नेसचं लाकडी चर्च राहूनच गेलं. (आणि ते म्युझियम २०२२ पासून नवीन बांधकामासाठी बंद केलंय, जाणाऱ्यांनी आधी नक्की चौकशी करा.) उर्नेस म्हणजे सोग्नेफ्योर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) एका फाट्यावर, सोलवॉर्न गावाहून छोट्या फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि मग चढ चढत वर, सोबत आई होती, तिला दम लागला म्हणून आम्ही दोनदा बसलो आणि खरं सांगते ते बसणंच सगळ्यात छान होतं, खाली हिरवं पाणी आणि चिटपाखरू नाही.

चर्च बाराव्या शतकातलं, पण उत्तरेच्या भिंतीवरचं व्हायकिंग शैलीतलं कोरीव काम त्याच्याही आधीच्या, अकराव्या शतकातल्या चर्चचं, तिथून काढून इथे बसवलेलं. एकमेकांत गुंतलेले साप आणि त्यांच्यात एक चार पायांचा प्राणी सापाला चावतोय, रेष कुठे सुरू होते ते सापडतच नाही. १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फ्लॉमची ती डोंगरातली ट्रेन करा हो, पण इथे अर्धा दिवस काढाच, शेवटच्या फेरीची वेळ मात्र आधी बघून ठेवा.