पंचविशीनंतर दात हलत नाहीत म्हणे!

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. सारांश असा: पंचविशीनंतर जबड्याचं हाड पक्कं होतं, मग तारांनी दात सरळ होत नाहीत, डॉक्टर उगाच चार चांगले दात काढतात आणि दोन लाख उकळतात, त्यापेक्षा घरपोच अलाइनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) मागवा, फट असेल तर दहा रुपयांचं रबर लावा, आणि अक्कलदाढ काढली की पुढचे दात आपोआप रांगेत येतात. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी. मी 41व्या वर्षी तारा लावल्या आणि 22 महिने वागवल्या, त्यामुळे मला काही गप्प बसवेना.

आधी हाडाचं. दात हा भिंतीतला खिळा नव्हे. मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. तारेचा हलका दाब पडला की त्या बाजूचं हाड विरघळतं आणि दात पुढे सरकतो तसं मागे नवं हाड भरतं. हात मोडल्यावर साठीतही हाड जुळतंच की! दात सरकण्याचा वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून तर दीड-दोन वर्षं लागतात. मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच, की मोठेपणी जबड्याची वाढ थांबलेली असते. खालचा जबडाच फार मागे किंवा पुढे असेल, तर वाढत्या मुलाला उपकरणाने जे साधता येतं त्यासाठी आपल्याला शस्त्रक्रिया लागू शकते. मोठ्यांची खरी अडचण हिरड्यांची. पायोरिया असताना दात तारांनी सरकवायला घेतले तर आधीच खंगलेलं हाड आणखी घटतं. माझे पहिले दोन महिने हिरड्यांवरच गेले, तार नंतर आली.

दात उगाच काढतात? गर्दी थोडी असेल तर दोन दातांमधलं आवरण अर्ध्या मिलिमीटरहून कमी घासून जागा होते. गर्दी जास्त असेल किंवा दात फार पुढे आले असतील, तर उपदाढा काढाव्या लागतात. माझ्या दोन गेल्या. गालफडं बसली नाहीत.

आता रबर. याचा मला खरोखर राग येतो. पटाशीचा दात टोकाशी रुंद आणि मुळाकडे निमुळता असतो. त्यावर चढवलेलं रबर निमुळत्या बाजूला सरकतं आणि हिरडीखाली गडप होतं. माणसाला वाटतं, झोपेत गिळलं. आत ते मुळाच्या टोकाकडे सरकत अस्तर आणि हाड दोन्ही खात राहतं. काही आठवड्यांत धडधाकट दात डुगडुगायला लागतो, आणि मग कुणाच्याच हातात फारसं काही उरत नाही. दंतवैद्यकात अशा केसेस नोंदलेल्या आहेत. दहा रुपयांचा सल्ला आणि इम्प्लांटचा खर्च!

घरपोच अलाइनरचं म्हणाल, तर घरी घेतलेल्या मापात मुळं दिसत नाहीत. त्यासाठी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे लागतो, आणि हिरड्या बघायला माणूस लागतो. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही याच धंद्यातली मोठी कंपनी डिसेंबर 2023मध्ये बंद पडली आणि अर्ध्यावर असलेले ग्राहक वाऱ्यावर राहिले. डॉक्टरच्या देखरेखीखालचे अलाइनर चांगलेच, पण दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. चहा पिताना ते काढावे लागतात, त्यामुळे दर तासाला चहा लागणाऱ्यांनी विचार करावा.

आणि दोन लाख? मी कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत विचारत फिरले. मला सांगितलेले आकडे असे: धातूच्या तारा 35 ते 50 हजार, दाताच्या रंगाच्या सिरॅमिक 50 ते 70 हजार, अलाइनर 80 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. दोन लाख हा सगळ्यांचा भाव नव्हे, वरच्या टोकाचा आहे. दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो. फक्त वेळ मोडतो. एक मात्र करा. एक्स-रे, सफाई, तार धरणारी क्लिप दातावरून निसटली तर पुन्हा चिकटवणं आणि रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण) हे सगळं त्या आकड्यात धरलंय का, ते लिहून घ्या. समोरचे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत पदव्युत्तर पदवी घेतलेले आहेत का, हेही विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही. (सिरॅमिक घेणाऱ्यांना आगाऊ सूचना: क्लिपांवरच्या पारदर्शक रबरी कड्या मिसळीच्या हळदीने पहिल्याच रविवारी पिवळ्याधमक होतात.)

अक्कलदाढेचं थोडक्यात. ज्यांना ती आलेलीच नसते, त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटतात. ती किडली, अडकली, दुखली तर काढा. पुढचे दात सरळ व्हावेत म्हणून नको.

मेसेजमध्ये रिटेनरचा शब्दही नाही. तारा निघाल्या की दात जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रिटेनर आधी जवळजवळ दिवसभर, मग रात्री, आणि तोही वर्षानुवर्षं. माझा पहिला मखमलाबाद रोडला मिसळ खाताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला होता. पोऱ्याने ताट उचललं, रुमालही उचलला. नवा 2,500 रुपयांना पडला. आता पर्समध्ये डबी असते.