टॅब आले, ते चालू ठेवायचे कुणी?

शाळेत तंत्रज्ञान हवं, असं आता पालकही म्हणतात, संस्थाचालकही आणि सरकारही. मागणी रास्तच आहे. फक्त तिचा सगळा भार वर्गात उभ्या असलेल्या एकाच माणसावर पडतो, आणि हे मला अजिबात पटत नाही.

साधा हिशोब करा. तास 40 मिनिटांचा. टॅब वाटायला 5, लॉगिनला 7, शेवटी मोजून परत घ्यायला 5. त्यात चौघं पासवर्ड विसरलेले, एकाचं अपडेट मध्येच सुरू झालेलं. शिकवायला जेमतेम 20 मिनिटं उरतात. म्हणून टॅबचं काम जोडतासालाच ठेवावं. हजेरी क्रमांक तोच टॅबचा क्रमांक, म्हणजे वाटपात गोंधळ नाही. लहान वर्गांना पासवर्डऐवजी क्यूआर कोड द्यावा.

इंटरनेटचंही तेच. 40 मुलांनी एकदम व्हिडिओ लावला, तर प्रत्येकी अडीच एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) धरले तरी 100 होतात. म्हणजे शंभरचं कनेक्शन एका वर्गातच संपलं! शिवाय वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच : 1, 6 आणि 11. शेजारशेजारच्या वर्गांत एकच चॅनेल असेल तर दोन्हीकडे रखडतं. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, किंवा व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली एका संगणकावर बसवली की त्यावर उतरवलेले धडे इंटरनेटशिवाय सगळ्या टॅबवर दिसतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मोठ्या सुट्टीत होतं. पूर्ण चार्ज करून, प्लग तसाच ठेवून कपाटात कोंडलेल्या लिथियम बॅटऱ्या फुगतात. अगदी रिकाम्या ठेवल्या तर पुन्हा चार्जच होत नाहीत. 50 टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून टॅब बंद करावेत, कोरड्या, थंड जागी ठेवावेत आणि महिन्याने एकदा तपासावेत. फुगलेला टॅब दाबायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. लगेच बाजूला काढायचा.

पेरूमध्ये ग्रामीण भागातल्या 319 प्राथमिक शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना लॅपटॉप मिळाले होते, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. नुसतं यंत्र हातात देऊन भागत नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

म्हणून शाळेच्या पुढच्या बैठकीत ‘किती टॅब घेणार?’ याआधी हे विचारा : देखभालीला माणूस कोण, त्याला आठवड्याला किती तास मोकळे देणार, आणि बॅटऱ्या बदलायचे पैसे कुठल्या खात्यातून येणार?