शिकागोच्या टिफ क्षेत्रांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपला आक्षेप असा, की टिफ म्हणजेच टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंगमध्ये कोणावरही नवा कर बसत नाही, परिसर सुधारल्याने वाढलेल्या करातूनच सुधारणेचा खर्च निघतो आणि त्यामुळे शाळांना झळ बसते हे माझे म्हणणे निराधार आहे.

योजनेचे वर्णन आपण अचूक केले आहे. शहराने एखादे टिफ क्षेत्र जाहीर करताच तेथील घर-जमिनींचे करपात्र मूल्य गोठवले जाते आणि पुढची २३ वर्षे त्यावरील वाढीचा कर त्या क्षेत्राच्या निधीत जमा होतो. मात्र शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये शाळा मंडळासारख्या संस्था आधी आपल्याला हवी असलेली रक्कम ठरवतात आणि तिला एकूण करपात्र मूल्याने भागून कराचा दर निघतो. टिफमधील वाढ या हिशेबात धरलीच जात नाही, त्यामुळे दर चढतो आणि तो शहरभरच्या घरमालकांना भरावा लागतो. जिथे रकमेवरच कायद्याची मर्यादा आहे, तिथे नव्या बांधकामामुळे मिळू शकणारी वाढ टिफची मुदत संपेपर्यंत संस्थेला मिळत नाही.

टिफ नसता तर ती वाढ झालीच नसती, असे असेल तर आपला आक्षेप मी पूर्ण मान्य करीन. राज्याच्या १९७७ च्या कायद्याची अटही तीच आहे. पण लिंकन यार्ड्सचे काय? नदीकाठची ती जुनी पोलाद कारखान्याची जागा लिंकन पार्क आणि बकटाऊन या सुस्थित वस्त्यांच्या मध्ये आहे, आणि तरीही २०१९ मध्ये तिच्यासाठी टिफमधून १.३ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर झाली. याउलट दक्षिण आणि पश्चिम भागांतील ज्या वस्त्यांची आपल्याला कळकळ आहे (मलाही आहे), तिथे जमिनीचे भाव वाढत नाहीत, म्हणून निधीही साचत नाही. आणि कायद्याने तो फक्त लगतच्या क्षेत्रातच वळवता येत असल्याने श्रीमंत भागातील शिल्लक तिथवर पोहोचणे कठीण असते.

कॅलिफोर्नियात ही पद्धत १९५२ पासून होती. तिथल्या पुनर्विकास संस्था २०१२ मध्ये बरखास्त झाल्या, आणि शाळांची तूट राज्याला भरून द्यावी लागत होती, हे त्याचे एक मोठे कारण होते.

पर्याय काय, असे आपण शेवटी विचारले आहे. शिकागोनेच २०१६ मध्ये रेड आणि पर्पल या रेल्वेमार्गांच्या नूतनीकरणासाठी जे क्षेत्र आखले, त्यात वाढीव करातील शाळांचा वाटा आधी शाळांना मिळतो आणि उरलेल्या रकमेतील ८० टक्के प्रकल्पाला जातात. प्रत्येक नव्या क्षेत्राला हाच नियम लावावा, एवढीच माझी मागणी आहे.