पडद्यावरची जाळी : सुई बारीक म्हणजे नजर जास्त?

‘२७ गेजच्या बारीक उपकरणांनी जाळी काढली आणि खालचा आयएलएमचा पापुद्राही सोलला, तरच नजर पूर्ण परत येते,’ असा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे बरोबर नाही. जाळी म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) धरणारा पातळ थर, आणि आयएलएम म्हणजे त्या पडद्याचा स्वतःचाच सर्वांत आतला पापुद्रा.

गेज म्हणजे उपकरणाच्या, पर्यायाने डोळ्याला पाडलेल्या छिद्राच्या, रुंदीचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. २३ गेजचं छिद्र साधारण ०.६ मिलिमीटरचं, २७ गेजचं ०.४. छिद्र लहान असलं की टाका सहसा लागत नाही, डोळा कमी चुरचुरतो. पण काही महिन्यांनी मोजलेल्या नजरेत मोठा फरक दिसत नाही.

आयएलएमचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तो सोलला तर जाळी पुन्हा धरण्याची शक्यता कमी होते, हे खरं. मात्र अंतिम नजर दोन्ही पद्धतींत जवळपास सारखीच राहते, असं बहुतेक तुलनांत दिसलंय. म्हणून सोलायचा की नाही, यावर सर्जनांमध्येही एकमत नाही.

निकाल ठरतो तो बहुतांशी आधीच्या नजरेवर आणि ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) प्रकाशपेशींचा थर किती शाबूत आहे त्यावर. रेषा वाकड्या दिसणं कमी होतं, पण पूर्ण जाईलच असं नाही. आणि मेसेजमध्ये मोतीबिंदूचा उल्लेखच नाही! पन्नाशीनंतर या शस्त्रक्रियेमागून तो अनेकदा वाढतो.