भिडू नसलेल्या खेळातला भिडू

मित्राबरोबर एकाच टेबलावर ऑनलाइन पोकर खेळायचा आणि तोही इमानदारीने, असं तुम्ही ठरवलंत त्याबद्दल आधी अभिनंदन. आता ते जमवायचं कसं, एवढंच राहिलं. त्यात माझा उपयोग होईल, कारण मी आणि माझा रूम पार्टनर कोथरूडच्या एकाच फ्लॅटमध्ये, एकाच वायफायवर, दर शनिवारी रात्री अत्यंत इमानदारीने खेळतो.

पैशांचं आधी मिटवू. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पत्त्यांवर बंदी आली. त्यामुळे आमच्या सहा जणांच्या टेबलावर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या सोंगट्या, फुकटच्या असतात. फक्त जो सगळ्यात मागे राहील त्याने रविवारी सकाळी बाकीच्यांना मिसळ खिलवायची. मिसळ लावणं हा कायद्याने जुगार होतो का, असं आमच्यातल्या वकिलाला विचारलं होतं. त्या रात्री तोच मागे होता. म्हणाला, शंभर टक्के होतो.

तर इमानदारी. आपली मूळ पंचाईत अशी आहे की आपण पत्ते शिकलो ते मेंढीकोटवर. गणपतीचं जागरण, सतरंजी, समोरासमोर बसलेले भिडू. काकांनी कान खाजवला की दश्शी त्यांच्याकडे आहे, मामींनी पदर सारखा केला की त्यांचे हुकूम संपले. याला कोणी लबाडी म्हणत नसे. भिडूला कळायला नको का? उलट खूण न कळणारा भिडू मठ्ठ ठरायचा आणि पुढच्या डावाला त्याला चहा करायला पाठवायचे. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला पोकरचा नियम सांगतो की इथे भिडूच नसतो, प्रत्येकाने आपले दोन पत्ते बघायचे आणि आपलं आपण ठरवायचं. हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत आग्रह करू नका म्हणण्यासारखं आहे. त्यामुळे पहिला सल्ला: मित्राला भिडू मानू नका. शेजारी माना. शेजाऱ्याला आपण काही सांगत नाही, त्याला आपोआप कळतं.

दुसरं, खेळात असेपर्यंत पत्ते सांगायचे नाहीत, हे तर कुणीही पाळतं. पण सोडलेल्या पत्त्यांचं काय? ते बिचारे गेले. गेलेल्यांबद्दल चार शब्द बोलायला काय हरकत आहे? समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, आणखी दोन बदाम आले. अजून एक बदाम आला की तुमचे पाच बदाम होतात आणि समोरची जोडी हरते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 600 चिप्स आहेत. समोरच्या तिसऱ्याकडे राजांची जोडी आहे आणि त्याने 600 चा ऑल-इन मारला, म्हणजे जवळचं होतं नव्हतं ते सगळं लावलं. आता तुम्ही 600 घातले तर पॉट होणार 1800 चा, म्हणजे तीनात एकदा तरी जिंकणार असाल तरच घालण्यात अर्थ आहे. तुम्हाला न दिसणारे पत्ते 47, त्यांत बदाम 9, आणि अजून दोन पत्ते उघडायचेत. शक्यता येते 35 टक्के. घाला बिनधास्त. इतक्यात आतल्या खोलीतून मित्र सहज म्हणतो, ‘माझे दोन बदाम सोडून दिले रे, बसलो असतो तर!’ आता राहिले 45 पत्ते आणि 7 बदाम. शक्यता 29 टक्के. तुम्ही शांतपणे फोल्ड करता, म्हणजे पत्ते टाकून देता. मित्राने सल्ला दिला नाही, तुम्ही मागितला नाही, त्याने फक्त आपलं दुःख मोकळं केलं. त्या तिसऱ्याने मात्र तुमच्यासमोर नेमकी अवघड किंमत ठेवली होती आणि ती दोन डोक्यांनी तपासून परत केली गेली, हे त्याला कधीच कळणार नाही. त्याचं मन दुखावलं नाही. याहून जास्त इमानदारी ती काय?

तिसऱ्याला मध्ये घेण्याचीही एक सभ्य पद्धत आहे. तुम्ही रेझ करायचं, म्हणजे बोली वाढवायची, मग तो बिचारा कॉल करणार, म्हणजे तेवढेच घालणार, मग मित्राने त्यावर पुन्हा रेझ करायचं. अडकित्त्यात सुपारी. हातात बऱ्यापैकी पत्ते असलेला माणूसही दोन्हीकडून दाबला गेला की कचरतो आणि पत्ते टाकतो. मग तुम्ही दोघांतल्या एकाने टाकायचे आणि पॉट घरात. याला ठरवून केलेलं म्हणू नका, आपले स्वभाव जुळतात म्हणा. आणि टेबलावर तुम्ही दोघंच उरलात की चेक, चेक, चेक, म्हणजे काहीच न लावता पुढे. मित्राच्या पोटावर पाय कसा द्यायचा? स्पर्धा असेल तर तुमच्यातला एक तिथे बाद होऊन तिसरा एक पायरी वर चढला असता, पण त्याने आपला मित्र आपण आणावा.

अगदीच तत्त्वाचा प्रश्न आला, म्हणजे मित्राला झोप लागली आणि त्याचा डाव तुम्ही त्याच्या फोनवरून खेळलात, तर महाभारत काढा. द्यूतसभेत डाव लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही, असं युधिष्ठिर तेव्हाही म्हणाला होता. म्हणाला आणि खेळायला बसला. आमचे बाकीचे चौघेही असंच करतात.

एक गोष्ट मात्र सांभाळा, ती म्हणजे नोंद. 2007 मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर एका स्पर्धेत एक गडी जणू सगळ्यांचे पत्ते दिसत असल्यासारखा खेळला आणि जिंकला. दुसऱ्या आलेल्याने आपल्या डावांची नोंद मागवली, तर कंपनीकडून चुकून सगळ्यांचे झाकलेले पत्ते असलेली फाइल त्याला गेली. खेळाडूंनी ती डावामागून डाव वाचून काढली, आणि त्या गड्याला खरोखरच सगळ्यांचे पत्ते दिसत होते हे बाहेर आलं. म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर काहीही लिहीत नाही. मोठ्या साइट एकाच आयपी पत्त्यावरून कोण कोण बसलंय, कोण कोणासमोर नेहमी नरम पडतंय, हेसुद्धा तपासतात. तोंडी बोलण्याला आयपी पत्ता नसतो.

आमची पद्धत साधी आहे. मी हॉलमध्ये, तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. त्याच्याकडे जबर पत्ते आले आणि मी मध्ये कडमडायला नको असेन, तर तो विचारतो, ‘चहा ठेवू का?’ मी ‘नको’ म्हणतो आणि फोल्ड करतो. वर्षभरात कुणालाही संशय आलेला नाही. फक्त आमचा वकील एकदा म्हणाला की तुमच्याकडे चहा फार विचारतात आणि कोणी पीत नाही.

गेल्या शनिवारची गोष्ट. शेवटचा डाव, मी आणि तो दोघंही तळाशी, मिसळ आमच्यातल्याच एकावर येणार. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. फ्लॉप आला: राजा, अठ्ठी, तिर्री. तीन अठ्ठ्या! असे पत्ते महिन्यात एकदा मिळतात. बाकीचे आधीच गळले होते. त्याने ऑल-इन मारला आणि आतून आवाज आला, ‘चहा ठेवू का?’

म्हणजे तीन राजे. मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. घड्याळ संपत आलं तेव्हा ‘नको’ म्हणालो आणि त्या तीन अठ्ठ्या टाकल्या. पॉट त्याच्याकडे गेला. पत्ते दाखवायचं बटण असतं, ते त्याने दाबलं. इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. पोकरमधले सगळ्यात दरिद्री पत्ते. चौघांनी ग्रुप कॉलवर एकच आरडाओरडा केला, वकिलाने तर टाळ्या वाजवल्या.

मी तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, ‘चहा?’

‘अरे, मला खरंच हवा होता,’ तो म्हणाला.

गॅसवर आधण उकळत होतं. एकाच कपाचं.