गोळाफेकीचे गुण आणि ‘कमकुवत खांदे’

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या मुलांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. 1600 मीटर धावण्यात गुण चांगले आणि गोळाफेकीत कमी, तर खांदे कमकुवत. चाळीस पुशअप निघतात पण दहा पुलअप निघत नाहीत, तर पाठ कमकुवत. आणि दोन्ही हातांच्या पकडीत 10 टक्के फरक दिसला, तर दुखापत ठरलेलीच, असे त्यात म्हटले आहे. हे तिन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

पुरुषांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 असे एकूण 50 गुण असतात. हे गुण उमेदवारांची क्रमवारी लावण्यासाठी टप्प्याटप्प्याने दिले जातात, त्यामुळे काही सेंटीमीटरने टप्पा हुकला तरी गुण उतरतात; त्यातून एखाद्या स्नायूची ताकद मोजली जात नाही. शिवाय 7.260 किलोचा गोळा 55 किलोच्या मुलालाही तोच आणि 80 किलोच्या मुलालाही तोच, मग हलक्या अंगाच्या मुलाची फेक कमी पडली तर तेवढ्यावरून त्याच्या खांद्यांना दोष कसा द्यायचा? फेकीचा जोर पायांतून उठतो, कमरेच्या वळणातून वर चढतो आणि हात त्याला अखेरचा रेटा देतो. एकाच जागी उभे राहून केलेली फेक आणि सरकत येऊन केलेली फेक यांच्या अंतरात फरकच पडत नसेल, तर उणीव बहुधा तंत्रात आहे. शिवाजी पार्कवर सकाळी सराव करणाऱ्याला हे एका टेपने तपासता येते, आणि माझ्या मते डंबेल विकत घेण्याआधी ते तपासावे.

पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, तर पुलअपमध्ये जवळजवळ सगळे वजन उचलावे लागते. त्यामुळे दोन्हींची संख्या शेजारी मांडून पाठ आणि छाती यांचा तोल ठरवता येत नाही. चाळीस पुशअप ही तर मुळात ताकदीपेक्षा दम टिकवण्याची कसोटी आहे.

पकडीबाबत सांगायचे तर, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात सुमारे 10 टक्क्यांनी सरस असणे सर्वसाधारण आहे. डावखुऱ्यांत हा फरक बऱ्याचदा नगण्य असतो. (लोकलमध्ये कड्याला लोंबकळत आल्या आल्या पकड मोजली, तर दमलेल्या हाताचा आकडा आणखी फसवतो.)

डाव्या-उजव्यातला फरक खरोखर पाहायचा असेल, तर एका पायावर पुढे उडी मारून अंतर मोजावे, प्रत्येक पायाने तीनदा, आणि तेही निरनिराळ्या दिवशी, सारख्याच विश्रांतीनंतर. एकाच पायाच्या तीन उड्यांमध्ये जेवढी तफावत असते, तिच्याहून दोन पायांतला फरक मोठा निघाला आणि दरवेळी तोच पाय मागे पडला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवण्यासारखे काही हाती लागले असे म्हणता येईल.